दोन टक्क्यांचं मृगजळ आणि कोपऱ्यावरचं दुकान

छोट्या सामाजिक संस्था पैशांवाचून का अडतात, या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याकडे कायम तयार असतात. एक, सरकार काही करत नाही. दोन, लोकांची देण्याची वृत्ती राहिली नाही. दोन्ही उत्तरांची एक मोठी सोय आहे. ती दिली की संस्थेला स्वतःकडे बघावं लागत नाही. मला तिसरं उत्तर मांडायचं आहे आणि संस्थांमध्ये काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना ते आवडणार नाही. या संस्था ज्या बाजारपेठेत उभ्या आहेत, त्या बाजारपेठेशी त्यांनी संबंधच ठेवलेला नाही. वर्षातून एकदा पावतीपुस्तक घेऊन चक्कर मारण्याला संबंध म्हणत नाहीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरी पुण्यात, आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार तालुक्याच्या गावी, घरी. तिथे एक रुग्णसाहित्य केंद्र आहे. त्याच्या नोंदवहीचं आणि हिशेबाचं काम गेली काही वर्षं मी बघतो. ज्यांना अशी केंद्रं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घरात कुणाला अर्धांगवायूचा झटका आला, कुणाचं खुब्याचं हाड मोडलं, की माणसाला दवाखान्यातून घरी आणताना एकदम चार वस्तू लागतात. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, डोक्याकडून वर उचलता येणारी कॉट, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. सगळं विकत घ्यायचं तर हजारोंचा खर्च, आणि गरज बहुतेकदा दोन-तीन महिन्यांची. केंद्र या वस्तू अनामत ठेवून घेऊन फुकट किंवा नाममात्र भाड्याने देतं. महाराष्ट्रात गावोगावी अशी केंद्रं आहेत. कुठे निवृत्त शिक्षक चालवतात, कुठे ज्येष्ठ नागरिक संघ, कुठे देवस्थानाने एक खोली दिलेली असते.

अशा केंद्राला वस्तू मिळणं फारसं अवघड नसतं. आजी गेली की घरचे लोक तिची व्हीलचेअर आणून देतात. अवघड असतं ते वस्तू चालू ठेवणं. व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक सगळ्यात आधी जातं. मग ब्रेक. मग बसायचं रेक्झिन फाटतं, पाय ठेवायची पट्टी वाकते. कॉटचा हँडलने फिरवायचा स्क्रू जाम होतो. हवेच्या गादीचा पंप बंद पडतो. खोलीत दहा खुर्च्या दिसतात आणि त्यातल्या चारच चालतात, अशी वेळ येते. रात्री आठ वाजता कुणाचा तरी मुलगा येतो, “उद्या डिस्चार्ज आहे, खुर्ची मिळेल का?” म्हणतो. चालणाऱ्या चारही बाहेर गेलेल्या असतात. सहा मोडक्या खुर्च्यांसमोरून त्याला परत पाठवावं लागतं. ‘निधीचा अभाव’ हे या अडचणीला फार भारदस्त नाव झालं. अभाव असतो तो काहीशे रुपयांच्या चाकाचा, आणि ते बसवणाऱ्या हाताचा.

हे चाक आणि हा हात कुठे मिळेल? दोन गल्ल्या सोडून, बाजारात. पण संस्था तिकडे न जाता मुंबई-पुण्याकडे तोंड करून बसलेल्या असतात.

दोन टक्क्यांच्या रांगेत

कंपनी कायदा, २०१३ मधलं कलम १३५ आता तालुक्याच्या विश्वस्तांनाही पाठ झालं आहे, निदान त्यातले ‘दोन टक्के’ तरी. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची, असा तो नियम. १ एप्रिल २०१४ पासून तो लागू आहे. त्यातून देशात खरोखर मोठा पैसा उभा राहिला आणि त्यातला सर्वाधिक महाराष्ट्राच्या वाट्याला येतो. हे ऐकलं की आमच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, “मग आपल्याला का नाही?”

कारण त्याच कलमात लिहिलेलं आहे. कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदा सांगतो. तुमच्या तालुक्यात अशी एकही कंपनी नसेल तर तुम्ही रांगेच्या शेवटी. शिवाय रांगेत उभं राहायलाही कागद लागतात. कंपन्यांच्या या पैशातून काम करणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून कंपनी मंत्रालयाकडे ‘सीएसआर-१’ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते. त्यासाठी आयकर खात्याच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या हव्यात, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. नियम चूक आहेत असं माझं म्हणणं नाही. कागदावरच्या संस्थांना आळा बसायला ते हवेतच. पण सत्तरी गाठलेली तीन माणसं जी संस्था चालवतात, तिचे महिनेच्या महिने या खटाटोपात जातात. इंग्रजी प्रस्ताव, ‘लाभार्थ्यांच्या जीवनातील मोजता येण्याजोगा बदल’ असले रकाने, पोर्टलचे पासवर्ड. आणि आमच्या क्षेत्रातली उत्साही मुलंमुली शहरातून येऊन या आगीत तेल ओततात. चकचकीत प्रेझेंटेशन करून देतात, लोगो करून देतात, संस्थेची ‘स्टोरी’ काय आहे ते शिकवतात. वेल्डरकडे कुणी घेऊन जात नाही.

बरं, समजा, मिळालं. काय मिळतं? दहा कोऱ्या व्हीलचेअर, प्रत्येकीच्या पाठीवर कंपनीचं बोधचिन्ह, एक समारंभ, एक फोटो. दोन पावसाळ्यांनी पुढची चाकं जातात तेव्हा कंपनीचा भर शिक्षणावर किंवा वृक्षारोपणावर गेलेला असतो. दुरुस्तीच्या खर्चाचा फोटो निघत नाही, म्हणून तो कुणालाच नको असतो.

सॉफ्टवेअरच्या जगात हा आजार ओळखीचा आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ‘लॉगफोरजे’ नावाच्या एका मोफत प्रणालीत गंभीर त्रुटी सापडली आणि जगभरच्या बलाढ्य कंपन्यांची झोप उडाली. आपल्या डोलाऱ्याच्या पायातला हा दगड मूठभर स्वयंसेवक फावल्या वेळात सांभाळत होते, हे अनेकांना तेव्हा कळलं. नवं बांधणाऱ्याला टाळ्या, जुनं चालू ठेवणाऱ्याचं नावही नाही. सामाजिक संस्था अगदी हेच करतात.

आमच्या केंद्राच्या खुर्च्या इतकी वर्षं चालू कुणी ठेवल्या? एसटी स्टँडमागच्या एका वेल्डरने. वाकलेली पट्टी सरळ करतो, तुटलेला सांधा जोडतो, पैसे विचारले तर “राहू द्या हो” म्हणतो. सायकलवाला मागच्या चाकाच्या ट्यूबा बदलतो. सोफ्याची कव्हरं शिवणारा उरलेल्या रेक्झिनमधून बैठक शिवून देतो. भाजी उतरवून रिकामा परतणारा टेम्पोवाला कॉट पोहोचवतो. या चौघांपैकी एकाचंही नाव अहवालात कधी छापून आलं नाही. अहवालात रकाना आहे तो रोख जमेला. श्रमाला, जागेला, रिकाम्या फेऱ्याला रकाना नाही. जे मिळतं आहे त्याची नोंद नाही आणि जे मिळत नाही त्याचा शोक, ही आपल्या संस्थांची सर्वसाधारण मनःस्थिती आहे.

गल्ल्याच्या पलीकडून

दुकानदार देत नाही, असं ज्याला वाटतं त्याने एखाद्या किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी खिळ्याला लावलेला पावत्यांचा गठ्ठा पाहावा. गणपती, नवरात्र, दहीहंडी, जयंत्या, हरिनाम सप्ताह, कुणाच्या तरी नावाचा क्रिकेट चषक, नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. वर्षभर कुणी ना कुणी येतंच. अशा उत्सवांसाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. पण समोर आठ तरुण उभे असताना ती दाखवा म्हणायची सोय नसते. आकडा पावतीवर आधीच लिहून आणलेला असतो. दुकानदार पैसे काढून देतो, कारण उद्या पुन्हा याच रस्त्यावर शटर उघडायचं असतं. सगळी मंडळं अशी नसतात हे तोही जाणतो, पण गल्ल्यावर बसल्या बसल्या वेगळी कशी काढणार?

मग एका दुपारी आपली संस्था येते. तशाच आकाराचं पावतीपुस्तक, तसाच घोळका, तशीच सुरुवात: “शेठ, दरवर्षीप्रमाणे…” त्याच्या दृष्टीने हा आणखी एक कर. तो दोनशे एक रुपये देतो आणि विसरतो. संस्थाही विसरते, थेट पुढच्या वर्षापर्यंत. आणि संध्याकाळी बैठकीत निष्कर्ष निघतो: “व्यापारी लोक हो, त्यांना सामाजिक जाणीवच नसते.”

हा निष्कर्ष मला संतापजनक वाटतो. त्यात आपल्या पांढरपेशा वर्गाचा जुना अहंकार आहे. नोकरदार माणूस सुसंस्कृत आणि दुकानदार हिशेबी, ही समजूत आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. हिशेबी असणं ही शिवी झाली. वास्तविक ज्या गोष्टीची संस्थेला सगळ्यात जास्त गरज आहे ती नेमकी तीच: चोख हिशेब.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ज्या दुकानदारांकडे आपण मदत मागायला जातो, त्यांच्याकडून आपण काही विकत घेतो का? संस्थेचे कागद, फाइली, फिनेल, खोलीतला पंखा, पत्र्याचं कपाट हे सगळं ऑनलाइन मागवायचं, कारण तिथे शंभर रुपये वाचतात. संस्थेतल्या प्रत्येकाच्या घरचं वाणसामान मोबाइलवरून यायचं. आणि वर्गणी मात्र कोपऱ्यावरच्या काकांकडे मागायची, कारण मोबाइलवरच्या कंपनीच्या दारात पावतीपुस्तक नेता येत नाही. दुकानदाराला हे दिसत नाही असं वाटतं का? रोज दारावरून जाणाऱ्या डिलिव्हरीच्या पिशव्या तो मोजत बसलेला असतो. त्याचा धंदा अशा काळात आहे की पुढची पिढी गल्ल्यावर बसेल याचीही खात्री नाही. त्याच्याकडे ‘सामाजिक जाणिवे’ची अपेक्षा करणाऱ्याने आधी आपली बिलं तपासावीत. माझ्या मते छोट्या संस्थेचा पहिला नियम हाच असावा: मागण्याआधी विकत घ्या. गावात मिळणारी वस्तू गावातूनच घ्यायची, पक्क्या बिलाने घ्यायची, आणि पैसे वेळेवर द्यायचे. संस्थेच्या उधाऱ्या थकवणारा खजिनदार असेल तर कुठल्याही आवाहनाचा उपयोग नाही.

काय मागायचं आणि कसं

‘सढळ हाताने मदत करा’ हे आवाहन ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही. सढळ म्हणजे किती? कशासाठी? कधीपर्यंत? दुकानदार दिवसभर ‘पाव किलो’, ‘दोन डझन’, ‘अर्धा इंची’ अशा भाषेत बोलणारा माणूस आहे. त्याच्याशी त्याच भाषेत बोलावं.

वेल्डरला महिन्यातला एक ठरलेला अर्धा दिवस मागा. सामान, गॅस, रॉड यांचा खर्च संस्थेने द्यावा, त्याने मजुरी सोडावी. औषधाच्या दुकानाला पैसे मागूच नका. काउंटरवर केंद्राचा पत्ता आणि फोन असलेली एक पाटी ठेवायला सांगा. घरी रुग्ण असलेला माणूस सगळ्यात आधी तिथेच येतो. फर्निचरवाल्याकडे पोटमाळ्यावर दोन कॉट ठेवण्यापुरती जागा मागा. टेम्पोवाल्याला परतीचा रिकामा फेरा मागा. झेरॉक्सवाल्याकडे महिन्याला पन्नास अर्ज. प्रत्येकाकडे जे शिलकीत आहे ते मागितलं की नकार कमी येतात, आणि आले तरी मनाला लागत नाहीत.

रोख मागायचीच असेल तर लहान आणि नियमित मागा. पेठेतली ६० दुकानं धरा. प्रत्येकी महिना १०० रुपये म्हणजे महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७२,०००. कंपनीच्या प्रस्तावाच्या तुलनेत आकडा किरकोळ दिसेल. पण ६,००० रुपयांत एक अर्धवेळ माणूस ठेवता येतो. तो परत आलेली प्रत्येक वस्तू तपासेल, मोडकी वेगळी काढेल, वेल्डरकडे नेईल, नोंद करेल. दहापैकी चार खुर्च्या चालणारं केंद्र आणि दहापैकी नऊ चालणारं केंद्र यांतला फरक म्हणजे हा एक माणूस. कंपनीचं अनुदान त्याच्या पगारासाठी क्वचितच मिळतं.

जायची वेळही पाळावी. बोहनी व्हायच्या आत जाऊ नये. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नये. दर महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास जीएसटीचं विवरणपत्र भरायची घाई असते, तेव्हा नको. मार्चअखेर नको, दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तर मुळीच नको. दुपारी तीनच्या सुमारास, गिऱ्हाईक नसताना, फार तर दोघांनी जावं. त्यातला एक तरी त्याच्या नेहमीच्या ओळखीचा असावा. गल्ल्यावर बसलेल्या मुलाला आवाहनाचा कागद देऊन निघू नये. मालक येईपर्यंत थांबावं किंवा पुन्हा जावं. फोटोग्राफर नेऊ नये. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि मान्यवरांची वरात तर नकोच. घोळका पाहिला की दुकानदाराचा हात आपोआप गल्ल्याकडे जातो आणि मन बंद होतं.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. मागायला एक फेरी मारली तर हिशेब द्यायला तीन मारा. दर तीन महिन्यांनी पोस्टकार्डाएवढा कागद: किती आले, कशावर गेले, किती शिल्लक, किती वस्तू बाहेर गेल्या, किती दुरुस्त झाल्या, किती अजून मोडक्या पडल्या आहेत. मोडक्यांचा आकडा लपवू नका. तो आकडा वाचून आमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानातले एक काका म्हणाले, “अरे, मग बेअरिंग माझ्याकडून घेऊन जा ना, सांगायचं नाही का?” त्यांना आवाहनपत्रक दरवर्षी जात होतं. पण ‘चार चाकांना बेअरिंग नाही’ ही माहिती त्यांना कुणी दिली नव्हती. हिशेबाच्या फेरीत पैसे मागायचे नाहीत. दिले तरी ‘पुढच्या वेळी’ म्हणायचं. संस्थेचा माणूस दारात आला म्हणजे खिशात हात घालावा लागतो, ही सवय मोडणं हेच मुळात निम्मं काम आहे.

करसवलतीचं गाजर

आवाहनपत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ हमखास असते: ‘देणग्या ८०जी अंतर्गत करसवलतीस पात्र.’ दुकानदाराला ती ओळ दाखवून काही साधत नाही, आणि संस्थेने ती समजून न घेता छापणं हा अप्रामाणिकपणा आहे. २,००० रुपयांहून जास्त रक्कम रोख दिली तर तिच्यावर ही वजावट मिळत नाही. वस्तूंच्या रूपात दिलेल्या मदतीवर मिळत नाही. नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्याला ती मुळातच नाही. जिथे मिळते तिथेही बहुतेक संस्थांच्या बाबतीत ती देणगीच्या निम्म्याच रकमेवर, आणि तीही उत्पन्नाशी बांधलेल्या मर्यादेत. महिना शंभर रुपये देणाऱ्याला यातून हाती काय येणार? आणि बेअरिंग देणाऱ्या काकांना तर शून्य. ते त्यांना आधी सांगा. खरं सांगणाऱ्या माणसाला दुकानदार दुसऱ्यांदा बसायला खुर्ची देतो.

नावाच्या पाटीबद्दलही असाच गोंधळ असतो. काही संस्थांना दुकानाचं नाव लावणं कमीपणाचं वाटतं, तर काही जण संस्थेच्या भिंतीचा जाहिरात फलक करून टाकतात. गंमत म्हणजे या दोहोंतली रेषा जीएसटी खात्याच्या ऑक्टोबर २०१९ च्या एका परिपत्रकाने बरीच नीट आखली आहे. देणगीदाराचं नाव कृतज्ञता म्हणून लावलं आणि त्यातून त्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल, तर तो व्यवहार देणगीच राहतो, त्यावर जीएसटी नाही. धंद्याची प्रसिद्धी करण्याचं बंधन त्यात आलं की ती सेवा झाली. कराचं सोडा, पण मला ही फोड नैतिकदृष्ट्याही पटते. ‘ही खुर्ची अमक्यांनी आईच्या स्मरणार्थ दिली’ असं लिहायला काहीच हरकत नाही; त्यात माणूस दिसतो. त्याच्या खाली ‘आमच्याकडे सर्व प्रकारच्या टाइल्स मिळतील’ आलं की रुग्ण फिरता फलक होतो. दुकानदाराला जाहिरातच हवी असेल तर ती वार्षिक स्मरणिकेत छापा, तिचं बिल द्या, उघडपणे जाहिरात म्हणून. त्यात कुणालाही लाज वाटायचं कारण नाही. आणि एक गोष्ट कितीही मोठ्या देणगीसाठी करू नये: खुर्चीवर बसलेल्या रुग्णाला मध्ये घेऊन फोटो. पडलेल्या माणसाची अडचण ही आपल्या आभारप्रदर्शनाची सामग्री नव्हे.

आक्षेप

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. हे सगळं सरकारचं काम आहे. दुकानदारांच्या दानधर्मावर रुग्णसेवा चालवायची म्हणजे सरकारला मोकळं सोडायचं. आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातून माणसाला घरी पाठवताना महिनाभर वापरायला वॉकर मिळाला पाहिजे, ही मागणी जोरात केली पाहिजे. पण मागणी करायची कशाच्या जोरावर? वर्षभरात किती जणांना काय लागलं, किती दिवस लागलं, किती जणांना परत पाठवावं लागलं, याची नीट नोंद ज्याच्याकडे आहे त्याच्या निवेदनाला वजन येतं. आणि निवेदनावर पेठेतल्या साठ दुकानदारांच्या सह्या असतील तर आमदारही ते बसून वाचतो. स्थानिक आधार असलेली संस्था सरकारशी भांडू शकते. अनुदानाच्या आशेवर जगणारी भांडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो करणाऱ्याला मी टाळणार नाही. गावातला पैसा कोरा नसतो. त्याला जात असते, पक्ष असतो, जुनी वैरं असतात. मोठा देणगीदार उद्या म्हणेल, अमक्या वस्तीत खुर्ची देऊ नका. तमक्याला विश्वस्त करा. निवडणुकीत आमच्या मंचावर बसा. हे घडतं. दूरच्या कंपनीच्या पैशाचा एक फायदा खरा आहे: तिला तुमच्या गल्लीतलं राजकारण कळत नाही.

पण या दुखण्यावरचा उपाय म्हणजे गावाकडे पाठ फिरवणं नव्हे. जो एका खांबावर उभा आहे तो त्या खांबाचा गुलाम होतो, मग तो खांब गावातला शेठ असो की मुंबईतली कंपनी. आम्ही कुठलीही प्रणाली उभारताना पहिला प्रश्न हा विचारतो की कुठला एक भाग बंद पडला तर सगळं बंद पडेल? तसा भाग सापडला की त्याला पर्याय उभा करतो. संस्थेच्या घटनेत एक साधी ओळ घालता येते: वर्षाच्या एकूण खर्चापैकी दहा टक्क्यांहून जास्त वाटा कुणाही एका व्यक्तीचा, दुकानाचा किंवा कंपनीचा असणार नाही. जास्त द्यायचं असेल तर ते राखीव निधीत जाईल, रोजच्या खर्चात नाही. मग कुणी अट घातली तर त्याला नम्रपणे ‘नाही’ म्हणता येतं, कारण त्याच्यावाचून दुसऱ्या दिवशी कुलूप लागणार नसतं. साठ दुकानांचे शंभर-शंभर रुपये एका लाखाच्या धनादेशापेक्षा संस्थेला जास्त स्वातंत्र्य देतात. मला दुकानदारांची बाजू घ्यावीशी वाटते त्याचं हे मुख्य कारण आहे. पैसा कमी असेल, पण तो अनेकांचा आहे.

हे आपल्याला नवं नाही

यात नवं काही नाही, हे आणखी एक दुःख. व्यापाऱ्यांच्या बिलात ‘धर्मादाय’ नावाची ओळ असण्याची जुनी प्रथा होती. मालाच्या किमतीवर काही पैसे वेगळे आकारायचे आणि ते धर्मकार्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवायचे. हा पैसा व्यापाऱ्याचं उत्पन्न मानायचा का, असा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात न्यायालयाने तो उत्पन्न नाही असं म्हटलं, कारण तो धर्मादायासाठीच राखलेला होता. ज्या वर्गाच्या खतावणीत दानाला स्वतंत्र खातं होतं, त्याला आपण सामाजिक जाणिवेचे धडे द्यायला निघालो आहोत.

आणि लहान रकमांना हसणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य बाजूला काढलं जायचं. मूठ धान्य देणाऱ्या बाईला संस्था आपली वाटत होती, कारण तिच्या डब्यातलं काहीतरी रोज तिकडे जात होतं. आपण या गोष्टी भाषणांत सांगतो, टाळ्या घेतो आणि घरी येऊन कंपनीला इंग्रजीत पत्र लिहायला बसतो.

म्हणून छोट्या संस्था चालवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. यंदा प्रस्तावाचं काम एक महिना बाजूला ठेवा. त्या महिन्यात गेल्या वर्षी कुणी काय दिलं याची यादी करा, फक्त पैशांची नव्हे: कुणी वेल्डिंग केलं, कुणी फेरा मारला, कुणी पोटमाळा दिला, कुणी ट्यूब बदलली. किती वेळा, किती तास, हे आठवेल तितकं लिहा. अहवालात देणगीदारांच्या यादीशेजारी ती छापा, त्याच आकाराच्या अक्षरांत. आणि छापायला देण्याआधी कच्चा कागद घेऊन दुपारी तीनच्या सुमारास एसटी स्टँडमागे जा, आणि वेल्डरला विचारा, “नाव बरोबर लिहिलंय ना?”